डॉक्टर मॅडम, बंड्यासाठी तुमचे आभार

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आमच्या कुत्र्याला, बंड्याला जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. त्यामुळे पत्र जरा विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही दुसरीकडे जाऊन आलो होतो. तिथे "वय झालंय, पोट बिघडलं असेल" म्हणून एक इंजेक्शन टोचलं आणि आमची बोळवण केली. त्याचं तोंड उघडून बघायचीही तसदी कोणी घेतली नाही. तुम्ही आल्या आल्या त्याचा ओठ वर केला. गुलाबी असायला हवी ती हिरडी कागदासारखी पांढरी होती. सोनोग्राफी नंतर झाली, पण तुमच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळलं.

प्लीहेवरची गाठ फुटलीय, पोटात रक्त साचलंय, यकृतावरही डाग दिसतायत. हे सगळं तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. प्लीहा काढता येते, पण ही हेमॅन्जिओसार्कोमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरची गाठ असेल तर नुसत्या ऑपरेशनने बहुतेक कुत्र्यांना एक ते तीन महिनेच मिळतात, हेही. खोटी आशा दाखवून ऑपरेशन गळ्यात मारणं तुम्हाला सहज जमलं असतं. आम्ही कशालाही हो म्हणालो असतो. "सकाळी तर चेंडूमागे धावत होता हो," असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. "यात असंच होतं, फुटेपर्यंत ही गाठ पत्ता लागू देत नाही," असं तुम्हीही तितक्याच वेळा, न वैतागता सांगत होतात.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरून तयार होतं. ते बाजूला ठेवून तुम्ही आमच्या लेकीला विचारलंत, "याला कुठे खाजवलेलं आवडतं?" तिने शेपटीच्या मुळाशी बोट दाखवलं. तुम्ही हातमोजे काढलेत, त्याच्या शेजारी फरशीवर बसलात आणि नखांनी तिथे खाजवत राहिलात. बंड्याचा मागचा पाय नेहमीसारखा हलला. अगदी थोडासा, पण हलला. लेक रडता रडता हसली. तिच्याकडे आता त्या दिवसाची तेवढी तरी आठवण आहे.

"कुत्रंच तर होतं, दुसरं आणा," असं सांगणारे घरी येऊन गेले. त्यांना काय बोलणार? त्यापेक्षा तुमच्या दारातले ते गृहस्थ बरे. ओळख ना पाळख, पण आपली मांजराची टोपली खाली ठेवून त्यांनी बंड्याची चादर दुसऱ्या बाजूने धरली आणि गाडीपर्यंत आले. त्यांना धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं. पुन्हा आले तर माझ्या वतीने सांगाल?

बंड्याच्या खाण्याचं एक न फोडलेलं पोतं घरात आहे. उद्या तुमच्याकडे आणून ठेवतो. ज्याला गरज असेल त्याला द्या.

तुमचा,
बंड्याचा बाबा