तू इंजिन बंद केलंस, त्याबद्दल

प्रिय पोरा,

तुझं नाव लिहीत नाही. फोनवर तूच म्हणालास, "नाव बिव घालू नका काका, गावात पोरं चिडवत्यात." बरं, नाही घालत. पण पत्र लिहू नका असं काही तू म्हणाला नाहीस, आणि म्हणाला असतास तरी मी ऐकलं नसतं. लडाखहून परत येऊन दीड महिना झाला. इथं बेळगावच्या उद्यमबागेतलं माझं लेथचं शेड, ऑर्डरी, उधारी, सगळं पहिल्यासारखं सुरू आहे. तरी शेजारी कुणी गाडी उभी करून चावी बंद केली की अजून घशाशी काहीतरी येतं.

लेहला त्या रात्री राजमा-भात कालवता कालवता तू सहज बोलून गेलास, की सहल संपल्यावर लोक म्होरक्याबद्दल भरभरून लिहितात, मेकॅनिकबद्दल लिहितात, आचाऱ्याबद्दलसुद्धा लिहितात. शेवटच्या गाडीवाल्याबद्दल कोण लिहिणार, तो कुणाला दिसतच नाही. तुझ्या बोलण्यात तक्रार नव्हती. पुढचा घास घेतलास आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. डोंगरातल्या अशा मोटरसायकल सहलीत सगळ्यांत पुढं एकजण असतो, वाट दाखवणारा. सगळ्यांत मागं एकजण असतो, त्याला ही मंडळी 'स्वीप' म्हणतात. म्हणजे केरसुणीच. मागं पडलेल्यांना गोळा करत येणारा. आमच्या सहलीत तो तू. त्यानं कुणाच्याही पुढं जायचं नाही. पंचविशीतल्या पोराच्या हातात दणकट गाडी द्यायची आणि दिवसभर कुणाच्या तरी मागं राहा म्हणायचं, ही काय सोपी शिक्षा आहे?

पहिल्या खेपेचं तुला अर्धंच सांगितलं होतं. २०१९ साली मी दुसऱ्याच एका कंपनीबरोबर गेलो होतो. माझी जुनी कार्बोरेटरची बुलेट टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनला पाठवली. वय त्रेपन्न. चोर्ला, आंबोली, तिलारी कितीदा केले त्याचा हिशेब नाही. वाटलं, घाट म्हणजे घाट. पण आपण बेळगाववाले आधीच अडीच हजार फुटांवर बसलोय. आपला घाट पहिल्यांदा उतरायचा असतो. सकाळी ताज्या दमानं खाली गोव्याला नाहीतर सावंतवाडीला, आणि संध्याकाळी दमल्या अंगानं वर. चढ लागला म्हणजे घर जवळ आलं, हे आमच्या हाडांत भिनलंय. तिकडं चढ लागतो तसतसं घर मागं पडत जातं.

त्या कंपनीनं मनालीहून निघून पहिल्याच रात्री सरचूला झोपवलं. मनाली साडेसहा हजार फुटांच्या पुढं-मागं, सरचू चौदा हजारांवर. आज कुणी नवखा विचारायला आला तर हातातला पाना खाली ठेवून सांगतो, एका दिवसात एवढं वर जाऊन झोपू नको. हवेत प्राणवायू इथंही एकवीस टक्के आणि तिथंही एकवीसच, पण वर दाब कमी, त्यामुळं एका श्वासात छातीत जातो तो कमी. त्याची सवय व्हायला शरीराला रात्री द्याव्या लागतात. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. पत्रकावर बर्फाचे फोटो मात्र झकास होते. रात्रभर डोकं ठणकलं, दोनदा ओकलो, आणि सकाळी सांगायची लाज वाटली म्हणून हेल्मेट घातलं.

सरचूच्या पुढं गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणं, एकावर एक रचलेली, खालून बघितलं की डोंगराला कुणी दोर गुंडाळलाय असं वाटतं. तिसऱ्या वळणावर मी थांबलो. हात कापत होते, श्वास पुरत नव्हता. त्यांचा कॅप्टन मागं फिरून आला. गाडीवरून उतरला नाही, हेल्मेटची काच वर केली नाही. इंजिन सुरूच, आणि वर मुठीनं ॲक्सिलरेटर पिरगाळत होता. घर्र, घर्र. "अंकल, आना है कि नहीं?" मी काहीतरी म्हणालो. त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. तो गेला. तासाभरानं त्यांची मागची गाडी आली, बुलेट आणि मी एका रिकाम्या ट्रकमधून मनालीला परत. ट्रकवाल्यानं स्वतःची घोंगडी दिली आणि मनालीत पैसे पुढं केले तर हात मागं घेतला. कंपनीनं हात मागं घेतला तो पैसे परत द्यायच्या वेळी.

त्याचे शब्द मी विसरलो असतो. तो आवाज गेला नाही. चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेला माणूस मी, आवाज काय सांगतोय ते मला कळतं. तो सांगत होता, तुझ्यामुळं माझं पेट्रोल जळतंय.

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा निघालो तेव्हा बायकोनं एकच विचारलं, "परत ट्रकातून येणार काय?" या वेळी गाडी मनालीतच भाड्यानं घेतली, इंजेक्शनची. विरळ हवेत कार्बोरेटरला पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते, प्लग काळा पडतो, गाडी खोकत चढते. इंजेक्शनवाली आपलं आपण मोजून घेते. माणसाला तशी सोय नाही. पण तुमच्या म्होरक्यानं जिस्पाला दोन रात्री मुक्काम ठेवला होता, आणि सरचूला न झोपता एका दमात लेह गाठायचं असं ठरवलं होतं. दिवसा किती पण वर जा, झोपायला खाली. मोठा दिवस, पहाटे पाचला निघायचं, ऊन चढून नाल्यांना बर्फाचं पाणी यायच्या आत पलीकडं व्हायचं.

तोवर तू आणि मी फारसे बोललो नव्हतो. अटल बोगद्याच्या तोंडाशी चहाला थांबलो तेव्हा माझं "खरं गाडी जड वाटायली बघ" ऐकून तू मान वळवलीस. "बेळगाव काय?" तू खानापूर तालुक्यातला, कणकुंबीच्या अंगाचा. उन्हाळ्यापासून इकडं, भातकापणीला गावी. पुढं तांदीला चंद्रा आणि भागा मिळतात, तिथून ती चंद्रभागा. आमच्या घरात वारी आहे; मी गाडी थांबवून हात जोडले तर बाकीचे बघायला लागले, तूही शेजारी येऊन जोडलेस. दोन दिवसांनी बारालाचा खिंड चढताना सूरजताल तळ्यापाशी म्हणालास, "ही भागा इथनं सुटते काका. आमची मलप्रभा पण कणकुंबीला बघितली तर कोण म्हणंल एवढी मोठी नदी व्हणार हाय?"

आणि मग गाटा. तिसरं वळण ओलांडलं तेव्हा हेल्मेटच्या आत मी चक्क ओरडलो. त्या आनंदातच घोटाळा झाला असावा. नवव्या वळणावर आतल्या बाजूनं फार आखूड घेतलं, गिअर एक नंबर जास्त, गाडी धापकन बंद पडली आणि माझ्यासकट आडवी. लागलं काही नाही. गाडी उचलायला गेलो. दोनशे किलोची गाडी इथं अंगणात उचलतो मी, तिथं दोन वेळा जोर लावला आणि डोळ्यांपुढं काजवे. हात कापायला लागले. तोच डोंगर, तेच हात. खालच्या वळणावरून गाडीचा आवाज वर येत होता आणि मला ठाऊक होतं, आता काय ऐकायला लागणार.

तू आलास. साइड स्टँड लावलास. आणि चावी फिरवून इंजिन बंद केलंस.

एवढंच. एवढ्यासाठीच हे पत्र. माझ्याकडं यायच्या आधी, तोंडातून शब्द काढायच्या आधी तू इंजिन बंद केलंस. हेल्मेट काढून दगडावर ठेवलंस, हातमोजे त्यात कोंबलेस, आणि शेजारच्या खडकावर थाप मारून म्हणालास, "बसा की काका. घाई कशाला?" डोंगर एकदम शांत झाला. वाऱ्याचा आवाज, आणि तुझ्या सायलेन्सरचं गार होताना टिकटिक वाजणं. माझी गाडी अजून आडवीच होती, तिच्याकडं तू बघितलंसुद्धा नाहीस.

मग ते बोटाला लावून प्राणवायू मोजायचं चिमटं, टाचेला अंगठा लावून सरळ रेघेत दहा पावलं चालायला लावणं, डोकं दुखतंय का, उलटी येतेय का, ते सगळं केलंस. ते तुझं काम होतं आणि तू ते नीट केलंस. पण ते दुसरा कुणीही शिकून करेल.

मी सतरा वर्षांचा असताना उद्यमबागेत ज्या शेडमध्ये लागलो, तिथं एक कानडी मिस्त्री होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लेथच्या चकमधून सुटला, टूल तुटलं, मी भिंतीला टेकून उभा. मालकाच्या शिव्या सुरू झाल्या होत्या. मिस्त्रींनी स्वतःचं लेथ बंद केलं. सुरू जॉब अर्धा टाकून. पीसरेटवर काम करणारा माणूस, लेथ थांबलं म्हणजे मजुरी थांबली. स्टूल पायानं सरकवून मला म्हणाले, "कुंद्रो." बस रे. त्यांना मराठी जेमतेम, मला कानडी त्याहून जेमतेम. सीमाभागात आम्ही पाट्यांवरून आणि मोर्च्यांवरून एकमेकांची डोकी पुष्कळ तापवलीत, मी सुद्धा. पण त्या दिवशी मशीन कुणाच्या भाषेत थांबलं, हे मी कधी कुणाला पटवून देऊ शकलो नाही. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. गाटाच्या नवव्या वळणावर, खडकावर बसून, मला ते एकदम आठवले आणि माझे डोळे भरून आले. तुला वाटलं थंडी बाधली, तू तुझं मफलर दिलंस. मी घेतलं. खरं काय ते सांगितलं नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. पुढून विचारणा, शेवटची गाडी कुठं आहे? मी गारच पडलो. बावीस जणांच्या कानात आता जाणार, म्हातारा पडला. तू बटण दाबून शांतपणे म्हणालास, "मेरी चेन ढीली हो गई है, बीस मिनट." बटण सोडलंस आणि खिशातून सालासकट भाजलेले काजू काढलेस. "घरचं हाय. खावा."

नंतर मला कळलं, पांगला जेवायला थांबल्यावर तू म्होरक्याला बाजूला घेऊन खरं ते सांगितलंस. तेही बरोबरच केलंस, लपवायची गोष्ट नव्हती ती. तिथून निघताना म्होरक्यानं मला काही न बोलता आपल्या मागं दुसऱ्या नंबरला घेतलं. लोकांना वाटलं, काका जोरात आहेत. मोरेचं पठार, तांगलांग लाची १७,४८० फुटांची खिंड, सगळं मी त्याच्या मागच्या दिव्याकडं बघत पार केलं. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, फोटो सगळ्यांकडं आहेत.

पण त्याच्या आधीची, गाटावरचीच एक जागा सांगायची राहिली. पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, छोटंसं देवस्थान. बंद पडलेल्या ट्रकजवळ क्लीनरला ठेवून ड्रायव्हर मदत आणायला गेला, रस्ता बर्फानं बंद झाला, पोरगं वाट बघत तहानेनं गेलं, असं लोक सांगतात. म्हणून येणारा-जाणारा तिथं पाण्याची बाटली ठेवतो. बाकीचे भुताच्या गोष्टी करत फोटो काढून गेले होते. आपण दोघं मागाहून पोचलो. तू बाटलीचं बूच सैल करून ठेवलंस. मी विचारलं, हे कशाला? म्हणालास, "गारठ्यानं बोटं चालत न्हाईत काका. त्याला उघडायला जमायला पायजे की." पोरा, भूत असतं की नाही मला माहीत नाही, मी लोखंडातला माणूस. पण त्या बुचाची गोष्ट मी घरी, शेडमध्ये, कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर, सगळ्यांना सांगितलीय.

रस्ता करणाऱ्या झारखंडच्या बायाबापड्यांना तू प्रत्येक वेळी हात वर करायचास, हे मी तुझ्या अगदी पुढं असताना आरशात बघितलं. डांबराच्या धुरात उभी असलेली माणसं, तोंडाला फडकं बांधलेलं. तीही हात वर करायची. बावीस गाड्या जाऊन शेवटच्या गाडीला.

आता तू गावी आलायस असं कळलं. सुगी आटपली की एक दिवस घरी ये. तुझं मफलर धुऊन ठेवलंय. शहापुरातून कुंदा आणतो, आणि बायको मांडे करणार म्हणतेय, म्हणजे नक्की करणार. जुनी बुलेट पण बघून घे. जेट बदललंय, आता खोकत नाही. मळणीत हात लागला तर कळव, मी आणि शेडमधली दोन पोरं येऊ.

येताना जांबोटीच्या रस्त्यानं सावकाश ये. तिथं या पावसात पडलेले खड्डे बघितलेस तर गाटा लूप्स म्हणजे मैदान वाटेल. गाडी आत अंगणातच लाव, शेजारचे काही बोलत नाहीत.

तुझा,
उद्यमबागेतला लेथवाला काका