दादा, ड्रॉपर सासूबाईंच्या हातात दिलात त्याबद्दल

दादा, नमस्कार.

नाव कुठं लिहू नका, असं तुम्हीच बजावलंत म्हणून लिहीत नाही. पण तुमच्या दुकानातून येऊन पाणी तपासलंत आणि ते मऊ करणारं मशीन, म्हणजे सॉफ्टनर, बसवून दिलंत, त्याबद्दल आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

विश्रामबागेत आमच्याकडे प्यायला नळाचं कृष्णेचं पाणी आणि बाकी सगळ्याला बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस नाही, बादल्यांवर पांढरे डाग, गिझरची कॉइल काढली तर तिच्यावर क्षाराचं जाड कवच. त्यावर उपाय सांगायला जे येऊन गेले त्यांच्यावरचा राग अजून निवळलेला नाही. एकानं पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली, पाणी तांबूस-काळं करून दाखवलं आणि "हेच विष रोज अंगावर घेता" म्हणून सासूबाईंना घाबरवलं. तो रंग सळीच्या लोखंडाचा होता, हे तुमच्याकडून कळलं. दुसऱ्यानं टीडीएस मीटरवरचा आकडा दाखवून पाइपला बांधायचं चुंबक गळ्यात मारलं. क्षार होता तसाच आहे, आणि तो गृहस्थ आता फोन उचलत नाही. मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतं, त्यात पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे त्यावरून कळत नाही, एवढं सांगायला त्याला काय झालं होतं?

तुम्ही आलात आणि खुर्ची सासूबाईंकडे वळवून बसलात. नळीत बोअरचं पाणी घेऊन भुकटी टाकलीत, पाणी लालसर जांभळं झालं, आणि ड्रॉपर त्यांच्या हातात दिलात. "आजी, एकेक थेंब सोडा. निळं झालं की थांबायचं. मोजा मात्र मोठ्यानं." त्यांचा हात कापतो, तर नळी तुम्ही खालून धरून ठेवलीत. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. बाविसाव्या थेंबाला पाणी निळंशार झालं. एका थेंबाला लिटरमागे २५ मिलीग्रॅम जडपणा, म्हणजे ५५०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत ठीक म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं, हेही तुम्ही त्यांनाच समजावलंत. "विष नाही हे, आजी. पाणी जड आहे, एवढंच."

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्या लग्न होऊन आल्यापासून सांगताहेत. त्यांचं म्हणणं कुणी तपासून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मशीनचं फार लिहीत नाही. आम्ही मोठं बघून ठेवलं होतं, तुम्ही माणसं आणि वापर विचारून लहान बसवलंत. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, टीडीएस कमी करत नाही, हे पैसे घेण्याआधी सांगितलंत. सासूबाईंना बीपी आहे म्हणून स्वयंपाकघराच्या नळाला हात लावला नाहीत, आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच काढून दिलीत. सोडियमचं पाणी झाडांना घालू नये, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?

माल सगळेच विकतात. म्हाताऱ्या माणसाला न भिववता, त्याच्या हातानं खरं-खोटं करून दाखवणारा दुकानदार आमच्या सांगलीत आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. अशा माणसांच्या जिवावरच गावाचा व्यवहार चालतो.

सासूबाईंनी तुम्हाला घरच्यांसह जेवायला बोलावलंय. दुकान बंद असतं त्या दिवशी या, आदल्या दिवशी तेवढा फोन करा.

आपली,
विश्रामबागेतली एक सून