प्रगत जर्मन गट : शनिवारच्या निबंध-सरावाची आठवण

मुलांनो, या शनिवारी सकाळी ९ वाजता निबंध-सराव आहे. विषय तिथेच मिळेल, वेळ ९० मिनिटं. शब्दकोश चालेल, पण आधी त्याचं छपाईचं वर्ष बघा.

हे मुद्दाम सांगतेय. मागच्या वेळी तीन वह्यांमध्ये 'दास' (म्हणजे आपलं 'की') एस्त्सेटने (म्हणजे ß या अक्षराने) लिहिलेलं सापडलं. जुन्या शब्दकोशांत तसंच असतं. १९९६ च्या लेखनसुधारणेनंतर ऱ्हस्व स्वरापुढे दोन एस लिहितात, म्हणून हा 'दास' आणि 'फ्लुस' (नदी) दोन एसने. 'श्ट्रासं'मधला (रस्ता) आ दीर्घ, तिथे एस्त्सेट कायम. नामाआधी येणारं नपुंसकलिंगी उपपद 'दास' मात्र एकाच एसचा, त्यात गल्लत नको.

येताना जर्मन वर्तमानपत्रातली एक बातमी आणा आणि त्यातली कोन्युंक्टिव्हची (दुसऱ्याचं बोलणं पोचवताना येणाऱ्या रूपातली) क्रियापदं अधोरेखित करून ठेवा. 'एर सागट, एर झाय क्रांक' (तो म्हणतो, तो आजारी आहे) यात 'इस्ट'च्या (आहे) जागी 'झाय' का आलं? कारण, सांगणारा म्हणतोय, हे त्याचं बोलणं, मी फक्त पोचवतोय. आपण नाही का म्हणत, 'तो आजारी आहे म्हणे'? तो 'म्हणे' जर्मनमध्ये क्रियापदाच्या पोटात शिरतो. मला हा या भाषेतला सगळ्यात देखणा भाग वाटतो, आणि वरच्या पातळीच्या लेखनात तो नसला की लगेच जाणवतं.

ज्यांना जमणार नाही त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथेच कळवा. बातमी मात्र त्यांनीही पाठवायची आहे.