कार्टूनचे हात कोण हलवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीत मुलांनी काय शिकावं यावर तुमच्या पुरवणीत पान आलं होतं, त्यात अ‍ॅनिमेशनबद्दल चार ओळी होत्या, कॅमेऱ्यासमोर बसून बोललं की कार्टून आपोआप बोलतं अशा अर्थाच्या. चूक नाहीये ते, पण अर्धवट आहे आणि ह्याच अर्धवट माहितीवर मी एक अख्खा उन्हाळा आणि क्लासची फी घालवलीये म्हणून लिहितोय.

मी बोलतोय ते अ‍ॅडोबीच्या कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर ह्या सॉफ्टवेअरबद्दल. फोटोशॉप नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये लेयर पाडून, म्हणजे डोकं, डोळे, हात वेगवेगळ्या थरांवर ठेवून, चित्र काढायचं, ते आत आणलं की त्याचं पपेट, म्हणजे पडद्यावरची बाहुली होते, मग वेबकॅम आपलं डोकं, भुवया, डोळे बघतो, माइक आवाज ऐकतो आणि त्यावरून तोंडाचे आकार बदलत जातात. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते, आमच्या घरी तर सगळे रांग लावून तोंडं वेडीवाकडी करत बसले होते. दोन दिवसांनी मात्र लक्षात येतं की हा प्राणी नुसता बोलतोय, मान डुलवतोय, आणि हात लोंबकळतायत मेल्यासारखे. बातम्या देणाऱ्या बाईंसाठी चालेल कदाचित, गोष्ट सांगणाऱ्याला नाही चालत.

माझं पात्र होतं एसटीचा कंडक्टर, जुना, खाकीतला, मशीनच्या आधीचा, म्हणजे तिकिटांची पेटी आणि हातात तो टिकटिक करणारा पंच. वाचनालयाच्या मुलांसाठी गोष्टी सांगणार होता तो. आता कंडक्टरचे हात काढून घेतले तर उरतं काय? पंच वाजला पाहिजे, दोरी ओढून डबल बेल दिली पाहिजे, सुट्ट्या पैशांवरून हात नाचवला पाहिजे. क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले ते पुढच्या लेव्हलला. पुढच्या लेव्हलची फी वेगळी. मग घरीच बसून धडपड केली आणि कळलं की ही काय लेव्हल-बिव्हल नाहीये, दोन गोष्टी आहेत फक्त, ट्रिगर आणि सायकल लेयर्स.

ट्रिगर म्हणजे सरळ आहे, एखाद्या लेयरला कीबोर्डवरची एक की द्यायची, की दाबली की ते चित्र दिसतं, सोडली की जातं. लॅच नावाचं सेटिंग चालू केलं तर एकदा दाबून राहतं, परत दाबलं की जातं. मी पंचवाला हात, दोरीवाला हात आणि नाचवायचा हात असे तिन्ही उजवे हात काढले, तिघांना तीन की दिल्या आणि गडबडीत दोन एकदम दाबल्या, खालचा साधा हात होताच. शेजारचा पोरगा ओरडला, काका, कंडक्टरला तीन हात! तेव्हा स्वॅप सेट शोधला, सगळे हात एका सेटमध्ये टाकायचे, साध्या हाताला डीफॉल्ट करायचं, मग एका वेळी एकच दिसतो आणि काही दाबलेलं नसलं की साधा हात परत येतो. एवढी एक गोष्ट कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे दहा दिवस वाचले असते.

पण ट्रिगरने नुसतं चित्र बदलतं, हालत नाही. तिथे सायकल लेयर्स. एका ग्रुपमध्ये पंचची चार चित्रं ठेवली, उघडा, अर्धा, मिटलेला, परत अर्धा, आणि त्या ग्रुपला सायकल लेयर्स लावलं की ती एकामागून एक दिसत जातात, लहानपणी वहीच्या कोपऱ्यात काढून पानं फडफडवायचो ना, तेच. किती फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पुढचं चित्र यावं ते आपण ठरवायचं. सेकंदाला २४ फ्रेम असतील आणि दर २ फ्रेमला चित्र बदललं तर चार चित्रांत ८ फ्रेम, म्हणजे एक तृतीयांश सेकंदात एक टिक. मला ते फार घाईचं वाटलं, ३ वर नेलं तेव्हा अर्ध्या सेकंदाला एक टिक पडायला लागली आणि आमच्या गाडीचा कंडक्टर आठवला. हे आकडे पुस्तकात बघून जमत नाहीत हो, कानाने ठरवावे लागतात.

आणि हालचालीची सुरुवात लगेच व्हावी का ट्रिगर झाल्यावर, असं एक सेटिंग असतं तिथे. माझं लगेचवर राहिलं होतं. चार मिनिटांची गोष्ट रेकॉर्ड केली, कंडक्टर भुताची गोष्ट सांगतोय आणि खाली पंच अखंड टिकटिक टिकटिक. भूत पण पळून गेलं असतं.

दुसरं म्हणजे सगळं एका दमात करायची गरज नसते हेही कोणी सांगत नाही. आधी आवाज आणि चेहरा रेकॉर्ड करायचा, मग तोच सीन परत चालवून दुसऱ्या टेकमध्ये, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगला, फक्त की दाबायच्या, चुकलं तर टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, तो ट्रिगर पुढेमागे सरकवायचा. आमच्याकडे पावसात लाइट जाते, अंधारात कॅमेऱ्याला चेहरा सापडत नाही आणि पपेटची मान एकदम तिरकी होते, पण लॅपटॉपच्या बॅटरीवर की दाबायचं काम चालू राहतं.

कोणी म्हणेल हे घरगुती लोकांचे जुगाड आहेत. तर १५ मे २०१६ ला अमेरिकेत द सिम्पसन्स ह्या कार्टून मालिकेच्या एका भागाच्या शेवटी त्यातला होमर तीनेक मिनिटं लाइव्ह लोकांच्या फोनला उत्तरं देत होता, पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि पश्चिम किनाऱ्यासाठी परत एकदा, ते ह्याच सॉफ्टवेअरवर केलेलं. आवाज डॅन कॅस्टेलानेटा यांचा, ओठ त्या आवाजावर हलत होते, आणि बाकीच्या हालचाली मालिकेचे एक दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन एका वेगळ्या बटणांच्या पॅडवरून सोडत होते, बटणांवर त्या त्या हालचालीची छोटी चित्रं लावलेली. म्हणजे तिथेही बोलणारा वेगळा आणि हात हलवणारा वेगळा.

आमच्या इथून कुडाळजवळचं पिंगुळी गाव लांब नाही. तिथल्या कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. त्या बाहुल्यांचं लाकडाचं तोंड कुठे उघडतं? तरी कोण बोलतंय, कोण चिडलंय ते मागच्या पोरालाही कळतं, सगळं दोऱ्यांवर. आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी जाहिरातीत फक्त तोंड दाखवावं ह्याचं म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी पान कराल तेव्हा पालकांना हेही सांगा, फी भरायच्या आधी क्लासमध्ये विचारा, मुलांकडून हाताची चार चित्रं काढून घेऊन की-वर लावायला शिकवणार का. चित्र काढता येणाऱ्या पोराला हे एका दुपारी जमतं, महाग कॅमेरा लागत नाही. आमच्या कंडक्टरचा सुट्ट्या पैशांचा हात अजून नीट झालेला नाही, तीन चित्रांत तो माशी हाकलल्यासारखा दिसतो, शेजारचाच पोरगा आता चौथं काढतोय.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी