लायनर, लेव्ही आणि 'पार्टनर': कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्यात दुचाकींचं गॅरेज चालवतो. या धंद्यात बावीस वर्षं झाली. हाताखाली दोन मुलं आहेत. संध्याकाळी पाचनंतर दारात ज्या गाड्या लागतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या असतात. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे. घरची गाडी सहा महिन्यांत जेवढी चालते, तेवढी यांची एका महिन्यात चालते. त्यामुळे चेन, टायर, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर सगळंच लवकर जातं. पोरगा तोंडाने काही सांगत नसला तरी त्याची गाडी मला सगळं सांगते.

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील, पाऊस धो धो पडत होता. ओळखीचाच एक पोरगा आला, पंचवीस-सव्वीसचा. म्हणाला, "काका, मागचा ब्रेक लागत नाहीये, जरा आवळून द्या." मी चाक फिरवून पाहिलं. लायनर पार संपले होते, लोखंडाला लोखंड घासत होतं. म्हटलं, "अरे, हे आवळून भागणार नाही, बदलावेच लागतील. पाऊण तास थांब." तो म्हणाला, "उद्या सकाळी टाकतो काका. अजून चार ऑर्डर झाल्या की आजचा इन्सेंटिव्ह लागतो. आता ऑफलाइन गेलो तर दिवसभराची मेहनत पाण्यात."

मी नट आवळला आणि त्याला जाऊ दिलं.

रात्री साडेनऊच्या सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढे एक रिक्षा अचानक थांबली. मागचा ब्रेक लागेना म्हणून त्याने पुढचा दाबला. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं आणि डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्याने ॲपच्या मदतीच्या चॅटवर फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं ते ऑर्डर सुस्थितीत आहे का, हे विचारणारं. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण प्लास्टर घालून त्याला त्याच रात्री घरी सोडलं होतं आणि पॉलिसीला चोवीस तास ॲडमिट असावं लागत होतं. दोन महिने घरी बसल्यावर त्याने ॲप उघडलं, तर आयडी बंद. कारण दिलेलं नव्हतं. फोन करायला नंबर नव्हता, जाऊन भेटावं असं ऑफिस नव्हतं. तो कंपनीचा नोकर नव्हता ना, 'पार्टनर' होता.

साहेब, त्या रात्रीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. निर्णय तिघांनी घेतले होते. लायनर न बदलता निघायचं, हा त्याचा. गाडी अडवून न ठेवता नट आवळून सोडायची, हा माझा. आणि पंधराव्या ऑर्डरला पैसे मिळतील, अकराव्यावर थांबलास तर काही नाही, हे ठरवलं ॲपने. त्याने कधी दुसऱ्याला दोष दिला नाही. आजही "चूक माझीच" म्हणतो. मीही माझी चूक मानतो. त्याच्या गाडीचं काम मी फुकट करून दिलं आणि तेव्हापासून लायनर संपलेली गाडी मी गॅरेजबाहेर जाऊ देत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. राहिला तिसरा. त्याच्या वाट्याची जबाबदारी त्याच्यापर्यंत पोहोचवायची वाटच आज कायद्यात नाही. ती वाट करून द्या, एवढ्यासाठी हे पत्र.

हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "त्यांना कोणी जबरदस्ती केली आहे का? पटत नसेल तर सोडावं." हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी वाईट समजत नाही. मी स्वतः तसाच विचार करणारा माणूस आहे. एमआयडीसीतली पक्की नोकरी सोडून मी गॅरेज टाकलं ते कोणाचं ऐकून घ्यायचं नाही म्हणूनच. पहिली तीन वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं, पण मी कोणाकडे तक्रार घेऊन गेलो नाही. निवड माझी होती.

पण त्या निवडीत काय काय होतं? सर्व्हिसिंगचा दर मी ठरवतो. एखाद्याचं काम नको असेल तर "जमणार नाही" म्हणतो, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येणारी गिऱ्हाइकं कमी होत नाहीत. वाईट बोलणारं गिऱ्हाईक मी तोडू शकतो. माझ्या शटरला कुलूप लावायचं तर कोणालातरी नोटीस द्यावी लागेल, कारण सांगावं लागेल. आता त्या पोराकडे बघा. दर ॲपचा, तोही आठवड्याला बदलणारा. गिऱ्हाईक ॲपचं. कुठून उचलायचं, किती वेळात पोहोचवायचं, हेही ॲप सांगणार. लांबची ऑर्डर नाकारली की पुढे बराच वेळ फोन वाजतच नाही, असं ही पोरं सांगतात. खरोखर तसं होतं का, हे तपासायची सोय त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे नाही आणि साहेब, आपल्या खात्याकडेही नाही. त्याच्या हातात निर्णय एकच उरतो: आज लॉगइन करायचं की नाही. घराचं भाडं आणि गाडीचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाचा तोही निर्णय किती मोकळा असतो, हे वेगळं सांगायला नको.

ही मी नव्याने शोधून काढलेली गोष्ट नाही. गिरण्या-कारखान्यांच्या काळात मालक कोर्टात हेच म्हणायचे, की कामगाराने धोका स्वतःहून पत्करला. १९३८ साली इंग्रजांच्या राजवटीतच मालकांच्या दायित्वाचा कायदा झाला. त्यात असं म्हटलं होतं की धोका कामगाराला पूर्ण समजावून सांगितला होता, त्याला तो समजला होता आणि त्याने तो राजीखुशीने घेतला, हे मालकाने सिद्ध करावं. तसं सिद्ध झालं नाही तर कामगाराने धोका पत्करला असं धरायचं नाही. म्हणजे राजीखुशी होती की नाही, हे दाखवायचं ओझं मालकावर. स्वातंत्र्यापूर्वी जे कळत होतं, ते आज ॲपच्या 'मला अटी मान्य आहेत' या एका बटणाखाली गडप झालं आहे.

इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांच्या खटल्यात कागदावरचं नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. भाडं कोण ठरवतं, अटी कोण लिहितं, फेरी नाकारली तर काय होतं. तेवढ्यावरून न्यायालय म्हणालं की हे स्वतंत्र धंदेवाले नाहीत, कामगार आहेत. पण मला इंग्लंडपर्यंत जायची गरज वाटत नाही. माझ्या घरात याहून चांगला दाखला आहे.

माझे वडील माथाडी होते. गाव जावळी तालुक्यातलं. मुंबईत मशीद बंदरला आले ते साठच्या दशकात, अठराव्या वर्षी. पाठीवर शंभर किलोचं पोतं घ्यायचे. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. पोत्याखाली कोणी सापडला तर व्यापारी म्हणायचा, "हा माझा नोकर नाही. येतो, माल उचलतो, पैसे घेऊन जातो. उद्या दुसऱ्याकडे जाईल." हे खोटंही नव्हतं. हमालाला एक मालक नव्हताच. कोणाच्याही हजेरीपटावर नाव नाही, म्हणून रजा नाही, फंड नाही, औषधपाणी नाही. मजुरीतून मुकादमाचं कापलं जायचं ते वेगळंच.

अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की 'हा नक्की कोणाचा नोकर?' या वादात तो अडकला नाही. त्याने मधे मंडळ उभं केलं. त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंदणी मंडळाकडे. जो काम करून घेईल त्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम भरायची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. दिवसाला पाच मालक असोत की पन्नास, प्रत्येकाने आपल्या पोत्यापुरती जबाबदारी उचलायची. माझं शिक्षण त्या लेव्हीवर झालं. गॅरेजची पहिली डिपॉझिट वडिलांच्या फंडातून भरली. मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो असं लोक म्हणतात, तेव्हा मला त्या मंडळाची आठवण येते.

तीन-तीन ॲप एकाच मोबाइलवर चालवणारा आजचा पोरगा आणि तीन व्यापाऱ्यांचे ट्रक रिकामे करणारे माझे वडील यांच्यात मला काडीचाही फरक दिसत नाही. उलट आज हिशेब सोपा आहे. कोणत्या मिनिटाला कोणाची ऑर्डर त्याच्या पाठीवर होती, हे कंपनीच्या संगणकात सेकंदासकट नोंदलेलं असतं. मशीद बंदरच्या मुकादमाला हे कधीच जमलं नसतं.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हे मला माहीत आहे. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत द्यायची, मात्र त्यांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपर्यंतच, अशी तिच्यात तरतूद आहे. हे पाऊल चांगलं आहे, त्याचं स्वागत. पण ती संहिता ऑर्डरचा दर, आयडी बंद करणं, नकाराची शिक्षा या गोष्टींना हात लावत नाही, आणि माझ्या गॅरेजात येणाऱ्या पोरांचं रोजचं दुखणं तिथेच आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवर असं सुटं काम करणाऱ्यांसाठी, देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला. तिथे कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि प्रत्येक कामाच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क घेता येतं. ज्या राज्याने राजस्थानच्या चोपन्न वर्षं आधी देशाला माथाडी कायदा दिला, ते राज्य या यादीत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

म्हणून साहेब, माथाडी मंडळाच्या धर्तीवर या पोरांसाठी मंडळ करा. लॉगइन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंत अपघाताचं संरक्षण असू द्या, आणि त्याला ॲडमिट असण्याची अट नको. हात मोडणारा प्रत्येक जण रुग्णालयात झोपून राहत नाही. आयडी बंद करायचा तर कारण लेखी द्या आणि त्याचं म्हणणं माणसाने ऐकून घ्या. पण यातलं एकच करता येण्यासारखं असेल, तर मी नकाराचा हक्क मागेन. ऑर्डर घेण्याआधी एकूण अंतर आणि हातात पडणारे पैसे दिसले पाहिजेत, आणि नाही म्हटलं तर पुढच्या ऑर्डरवर त्याचा परिणाम होता कामा नये. हे झालं तर मी स्वतः त्या पोरांना सांगेन, की बाबा, निवड आता तुझी आहे, जबाबदारीही तुझीच. कंपन्यांना ते नको असेल, दर, वेळ, अंतर सगळं आपल्याच हातात ठेवायचं असेल, तर तेही त्यांनी खुशाल ठेवावं. मग मोडलेल्या मनगटाचा खर्चही त्यांच्याकडेच जायला हवा.

माथाडी कायद्याच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणी चालली, न केलेल्या कामाचे पैसे उकळले गेले, हे मी नाकारत नाही. वडील हयात असताना त्यावर चिडून बोलायचे. पण नव्या मंडळात रोख पैशाचा आणि मुकादमाचा संबंधच येणार नाही. प्रत्येक ऑर्डरची नोंद आधीच आहे, लेव्ही तिथल्या तिथे वळती करता येईल. वाढलेला खर्च गिऱ्हाइकावर पडेल म्हणतात. पडू दे. मीही घरी बसून जेवण मागवतो. पावसात ते माझ्या दारापर्यंत आणणाऱ्याच्या विम्यासाठी ऑर्डरमागे दोन-चार रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.

आपण नवी मुंबईत आलात तर संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान गॅरेजवर या. कोणाला आधी कळवू नका. त्या पोराचे काढलेले लायनर मी फळीवर ठेवले आहेत, ते दाखवेन. तो स्वतःही भेटेल. त्याचा हात जोडला गेला आहे, पण डावी मूठ अजून पूर्ण मिटत नाही, क्लच दाबताना कळ येते. म्हणून त्याने आपली बाइक विकली. आता रोजच्या भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन तो दुसऱ्या एका ॲपवर तेच काम करतो. भाडं त्याच्या कमाईतूनच कापलं जातं, पहिल्या काही ऑर्डर त्यातच जातात.

आपला,
एक गॅरेजवाला,
कोपरखैरणे, नवी मुंबई