रात्री कोण असणार?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवलास तो रागानंच. 10 खाटांचं आयसीयू सुरू होतंय हे तू एवढ्या आनंदानं सांगत होतीस आणि मी विचारलं, "रात्री कोण असणार?" आधी कौतुक करायला हवं होतं, ते आज करते. व्हेंटिलेटरसाठी पेशंटला अँब्युलन्समध्ये घालून तासन्‌तास लांबच्या शहरात न्यायला लागू नये, यासाठी तू केवढी झटलीस. आक्का असती तर तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले असते.

रात्रीचं विचारणार नव्हते. पण हिशेब मांडून बघितला आणि राहवेना. आठवड्याचे तास 168, एका नर्सचे 48. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन जणी लागतात. रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की साडेचार ते पाच. दोन खाटांमागे एक नर्स धरलीस तरी जागा होतात 5, म्हणजे 23 ते 25 नर्सेस. तू 14 म्हणालीस. रजा वजा जाता 14 जणींत एका वेळी तिघीच उभ्या राहतात. दिवसा इतर वॉर्डातून कुणी धावून येतं, रात्री येत नाही. आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तर एक नर्स पूर्ण हवी.

ऑक्सिजनचा साठा खाटा मोजून ठरवू नकोस, मिनिटाला किती लिटर जातात ते मोज. मोठ्या सिलेंडरमध्ये साधारण 7,000 लिटर असतो. नाकातल्या नळीनं मिनिटाला 2 लिटर दिला तर तो दोन दिवसांहून जास्त पुरतो. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातूनच पण खूप वेगानं, पूर्ण ऑक्सिजन, मिनिटाला 60 लिटर दिला, की तोच सिलेंडर दोन तासही टिकत नाही. असे 3 पेशंट असले तर बारा तासांच्या रात्रीला 19 सिलेंडर. मॅनिफोल्डची, म्हणजे सिलेंडर दोन बाजूंना जोडून वॉर्डाच्या पाइपला ऑक्सिजन देणाऱ्या जोडणीची, एक बाजू संपली की दुसरी आपोआप लागते हे खरं, पण संपलेली बाजू कुणीतरी हातानंच बदलायची असते. अलार्म फक्त खालच्या सिलेंडरच्या खोलीत वाजत असेल तर तो ऐकायला तिथे कोण? वॉर्डातही अलार्मचं पॅनेल बसवून घे. आणि सिलेंडर बदलायला रात्रीच्या किमान दोघांना शिकव: वॉशर बघायचा, झडप सावकाश उघडायची, हाताला तेल, ग्रीस, मलम काही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लँट बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्यातलं झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं, पण ओलसर हवा आत गेली की ते खराब होतं आणि शुद्धता 93 टक्क्यांवरून घसरते. ड्रायरकडे रोज बघायला हवं. शिवाय वीज गेली की प्लँट बंद. जनरेटर अडतो तो बरेचदा स्टार्टरच्या बॅटरीपायी. महिन्यातून एकदा लोड टाकून अर्धा तास चालवा, नुसता चालू करून बंद करू नका.

बघ, शिकवणी सुरू झाली. माफ कर. तुला यातलं बरंच माहीत आहे.

लहानपणी वीज गेली की तू आधी माणसं मोजायचीस. बाबा, दादा, आक्का, मी. अंधारात प्रत्येकाच्या अंगाला हात लावून. मोजून झाल्यावरच टॉर्च शोधायचीस, आणि दादा मुद्दाम लपला की रडकुंडीला यायचीस.

त्या 14 मध्ये कमी पडणाऱ्या रात्री तू स्वतः भरतेस ना? सांगितलं नाहीस, पण आवाजावरून कळतं. परवा बोलता बोलता एकच वाक्य दोनदा बोललीस. थकलेल्या माणसाच्या हातून डोस चुकतो, दशांशचिन्ह सरकतं. नाही, आता पुढे लिहीत नाही. तुला माझ्याहून जास्त कळतं, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधीच येते, दादा सोडेल. मॅनिफोल्डच्या खोलीची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेवढं विचारून ठेव.

तुझी,
आई