लंबूला पत्र, त्या स्वेटरच्या फोटोवरून

प्रिय लंबू,

आठ महिने झाले मी तुला फोन केला नाही. दिवाळीत तुझा आला तेव्हा दुकानात गर्दी होती, "रात्री करतो" म्हणालो आणि ती रात्र आज उजाडली. रागावला असशील तर रागाव, हक्क आहे तुझा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मुद्दामच बोलत नाहीये. त्या विषयाजवळ आलं की तू लगेच बडोद्याच्या शेव-उसळीवर घसरतोस, ३० वर्षं बघतोय मी.

आईचे गुडघे जसेच्या तसे, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे ठीक.

आता मूळ गोष्ट. बालगृहात अजून थंड पाण्याच्याच आंघोळी चालू आहेत. तोच हौद, तेच पहाटे पाच, आणि पहिला तांब्या डोक्यावर घेताना ओरडायची तू पाडलेली पद्धत पण तीच. तू "हर हर महादेव" करायचास, आताची पोरं कुठल्यातरी क्रिकेटरचं नाव घेतात, आणि मावशी आतून तशाच ओरडतात "अरे गल्ली उठली रे". ४६ मुलं आहेत सध्या. डिसेंबरात दोघांना न्यूमोनिया झाला, त्यातला एक आठ वर्षांचा, त्याला सिव्हिलला घेऊन मीच गेलो होतो, रात्रभर बसलो. यंदा सोलर बंब बसवायचाच असं त्याच्या आधीच ठरवलं होतं. १५०० लिटर, पाइपलाइन आणि स्टँड धरून २ लाख ४० हजाराचं कोटेशन आलंय. संस्थेकडे सगळं मिळून ७० हजार आहेत. उरलेले जमवायला आनंदमेळा घ्यायचा, गावातल्या शाळांच्या मुलांनी स्टॉल लावायचे, भेळ, लिंबू सरबत, रिंग टाकायचे खेळ, वर थोडी गाणी, आणि तिकीट २० रुपये. तारीख २२ फेब्रुवारी, रविवार.

नगरपरिषदेकडे मदत मागायची कल्पना माझीच. बजेटमधले ५ टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात ना, मग मुलांच्या कामाला त्यातून का मागू नये? ऑगस्टमध्ये अर्ज दिला, "आनंदमेळ्यास आर्थिक सहाय्य मिळणेबाबत". आवक-जावकला शिक्का मारून घेतला, पोच घेतली, सोबत नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, देणगीदाराला कर-सवलत मिळते ते ८०जी प्रमाणपत्र, बाल न्याय कायद्याखालचं बालगृहाचं रजिस्ट्रेशन, सगळं जोडलं. एका टेबलावर म्हणाले धर्मादाय आयुक्तांची ४१क कलमाची परवानगी आणा. मी घाबरलो, सीएकडे पळालो, तो म्हणाला अहो ती गणपती मंडळांसारख्यांना वर्गणी गोळा करायला लागते, तुमचा रजिस्टर ट्रस्ट आहे. ते लेखी दिलं तेव्हा फाइल पुढे सरकली.

मग लेखा विभागातल्या बाई भेटल्या. फार सज्जन बाई, बसवून चहा दिला आणि नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, "दादा, तुम्ही पैसे गोळा करायला कार्यक्रम करताय, आणि तो करायला आम्ही पैसे द्यायचे, म्हणजे नगरपरिषदेनेच देणगी दिल्यासारखं झालं. रोख रकमेला ऑडिटला आक्षेप लागणार, आणि वसुली निघाली तर माझ्या पगारातून. त्यापेक्षा वस्तू मागा." मला आधी रागच आला होता पण घरी येताना पटलं. लोकांच्या घरपट्टीचा पैसा आहे, कुणीतरी तो असा धरून ठेवायलाच पाहिजे. त्यांनीच अर्जाचा मसुदा बदलून दिला: मैदानाचं भाडं माफ, पाण्याचा टँकर, सफाईला माणसं, आणि मंडप, स्टेज, साउंडचं बिल नगरपरिषद थेट मंडपवाल्याला देणार. सगळं मिळून ५० हजाराच्या घरात जातं. आमच्या हातात एक रुपया येणार नाही आणि आमचा एक रुपया जाणारही नाही. लंबू, कुणाला कुठे अर्ज करायचा असेल ना तर हे सांग, पैसे मागू नका, मंडप मागा.

हे होईपर्यंत ऑक्टोबर संपला. टिप्पणी तयार, सही बाकी, आणि ४ नोव्हेंबरला निवडणुका जाहीर झाल्या. आचारसंहिता! इतकी वर्षं प्रशासक होते, निवडणुकीचं नाव नव्हतं, आणि आमची फाइल टेबलावर पोचली नेमकी तेव्हाच लागली. २ डिसेंबरला मतदान झालं, निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो कोर्टामुळे २१ ला गेला, तोपर्यंत कुणी पेनाला हात लावेना. त्याच १५-२० दिवसांत ती दोन पोरं आजारी पडली, म्हणून जास्त लागलं मला.

नवीन बॉडी आली. गेल्या मंगळवारी बोलावणं आलं. मी, आपले पाटीवाले सर (हो, अजून येतात, ८१ वर्षं, अजून "शुद्धलेखन बघ" म्हणतात) आणि खजिनदार. तिथले एक पदाधिकारी फार छान बोलले, म्हणाले काम पुण्याचं आहे, मंजूर समजा, पुढच्या सभेत विषय घेतो. आम्ही उठणार तेवढ्यात म्हणाले, "फक्त एक करू. मुलांना आमच्यातर्फे स्वेटर देऊ. स्टेजवर एकेकाला बोलवायचं, पाहुण्यांच्या हस्ते स्वेटर, एकेक फोटो. आणि चौकातल्या बॅनरवर मुलांचा ग्रुप फोटो टाका, म्हणजे लोकांना कळेल कुणासाठी चाललंय."

स्वेटर म्हणाले ते. लंबू, शपथ घेऊन सांगतो, शालही नाही, वह्याही नाहीत, स्वेटरच म्हणाले.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सर माझ्याकडे बघत होते, त्यांनाही आठवलं असणार, त्यांच्याच वर्गात झालं होतं ना ते. मला डोळ्यासमोर तो निळा स्वेटर, १४ नोव्हेंबर, तू स्टेजवर, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "अनाथ मुलांना स्वेटर वाटप". आणि मी मूर्खासारखा तो फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवून शाळेत घेऊन आलो, माझा दोस्त पेपरात आला म्हणून सगळ्या वर्गाला दाखवत फिरलो. तू चष्मा फोडलास माझा. पाच महिने बोलला नाहीस. मी घरी सांगितलं खेळताना फुटला, आणि मनात वर्षानुवर्षं धरून बसलो की मी कौतुक केलं आणि ह्याने मारलं. कॉलेजला असतानाही भांडणात काढायचो ना मी ते, "चष्म्याचे पैसे दे आधी"? एकदा तू म्हणालास, "माझी आई जिवंत होती रे, आणि पेपरात मला अनाथ लिहिलं, तो पेपर ती कामाला जायची त्या घरात वाचून दाखवला तिला." मी तेव्हा गप्प बसलो. माफी मागितली नाही. आज मागतो. उशीर झालाय हे माहितीय, तरी मागतो.

मंगळवारी मी एवढंच म्हणालो की साहेब, बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, संस्थेतल्या मुलांचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, फोटो तर नाहीच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते हसले, वाईट हेतूने नाही, खरंच त्यांना कळेना, म्हणाले "आपण काय गुन्हेगारांचे फोटो लावतोय का, चांगल्या कामाचा फोटो आहे". आणि खजिनदार बाहेर आल्यावर माझ्यावर तुटून पडले. म्हणे कायदा सगळ्यांना माहितीय, सगळे टाकतात फोटो, आजपर्यंत कुणाला दंड झालाय, ५० हजार तू देणार आहेस का तुझ्या दुकानातून? त्यांचंही मला समजतं. दर महिन्याला किराणावाल्याच्या दारात तेच उभे राहतात, सरकारी अनुदान कधी येईल त्याचा पत्ता नसतो. वाईट माणूस नाही.

मी मधला रस्ता काढायला बघितला. बॅनरवर मुलांनी काढलेली चित्रं लावू, स्टेजवर शाळांच्या मुलांचा सत्कार करू, नगरपरिषदेचं नाव मोठ्या अक्षरात टाकू, बंबावर पाटी लावू, स्वेटर द्यायचे असतील तर ते मावशींकडे द्या, त्या कपाटात ठेवतील आणि पोरं आपापल्या मापाने घेतील. पदाधिकाऱ्यांचा अजून होकार नाही, नकारही नाही. "बघू" म्हणालेत.

हे सगळं मी निस्तरलं असतं, तुला त्रास दिला नसता. पण काल संध्याकाळी बालगृहात गेलो होतो टाकीची जागा मोजायला. एक सहावीतला पोरगा टेप धरायला आला, चुणचुणीत आहे, अगदी तुझ्यासारखा, लांबट. टेप धरून धरून म्हणाला, "काका, फोटो काढणारेत का हो मेळ्याला?" कुठून कळलं त्याला देव जाणे. मी म्हणालो का रे? तर म्हणाला, "मग मी आजारी पडणारे त्या दिवशी. शाळेत मी सांगितलंय मी मामाकडे राहतो." आणि परत टेपवरचा आकडा वाचायला लागला, चार फूट सात इंच, जसं काही झालंच नाही.

झोपलो नाही रात्री. म्हणून लिहितोय.

येत्या गुरुवारी चार वाजता विश्वस्तांची मीटिंग आहे. सात जण. माझ्या मते सर माझ्या बाजूने, मावशींना मत नाही पण त्या दारात उभ्या राहतील आणि त्यांचा चेहरा बघून दोघं बदलतील. बाकीच्यांना कलम ७४ सांगून काही होणार नाही, ते मंगळवारी बघितलं मी. त्यांना ती स्वेटरची गोष्ट सांगितली तर कळेल. पण ती गोष्ट तुझी आहे. एकदा तुला न विचारता ती वर्गभर फिरवलीये मी, आता ४४ वर्षांचा होऊन परत तेच करणार नाही. नाव घेणार नाही, पण गाव केवढं, खजिनदारांना दोन मिनिटांत समजेल कोण ते. म्हणून विचारतो. सांगू का? नको म्हणालास तर नको, कारण पण सांगू नकोस, मी वेगळं काहीतरी बोलेन. आणि तिथे हरलो तर ५० हजार सोडून मेळा छोटा घ्यायचा म्हणेन, मंडपाशिवाय, शाळेच्या झाडाखाली, आणि दोन टप्प्यांत बंब बसवू, आधी ५०० लिटर, लहान मुलांपुरता. पैसे पाठवू नकोस बरं का, तुझी सवय माहितीय मला, उत्तराऐवजी पैसे टाकशील. मला उत्तर पाहिजे.

तुझी पोरगी दहावीला ना यंदा? तिला म्हणावं गणिताला घाबरू नको, बापाला विचारू नको एवढंच, त्याने नववीत माझंच बघून लिहिलं होतं. वहिनींच्या नोकरीचं काय झालं शेवटी, बदली टळली का? घराचं रजिस्ट्रेशन झालं असेल आता, फोटो तरी टाक. आणि तुझी पाठ, तो डॉक्टर बदल म्हणून मागेच सांगितलं होतं.

मावशी विचारत होत्या तुझं. म्हणाल्या लंबूला सांग, स्वयंपाकघराची चौकट आता उंच केलीये, डोकं आपटणार नाही.

बुधवारी रात्री दुकान नऊला बंद करतो, त्यानंतर कधीही फोन कर. किंवा नुसतं हो नाहीतर नाही लिहून टाक.

तुझा,
चष्म्या